दत्तूकाका आणि माझी बेस गिटार

दत्तूकाकांकडे काहीही दुरुस्तीला द्या, ते आधी मालकाला ती वस्तू डोळे भरून बघायला लावत. "नीट बघून घे. परत अशीच दिसेल याचा भरोसा नाय." माणूस रेडिओ द्यायला यायचा आणि सुतकी चेहऱ्याने घरी जायचा. पण रत्नागिरीत त्यांच्याइतका नेटका सोल्डरचा टाका कोणी मारत नसे, आणि त्यांच्याइतकं कोणी घाबरतही नसे.

कॅसेटचा जमाना होता. मी आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बोटीवरच्या चुलतभावाने आणलेली, चार जाड तारांची. खाऱ्या हवेने तिच्या दोन पिकअपपैकी एक गेला. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारी चुंबकाची पट्टी. भावाने नवा पाठवला, पण निराळ्या कंपनीचा. दुसऱ्या दिवशी दुपारी लांज्याला लग्नात कार्यक्रम. मी घाबरलो होतो. काका माझ्या दुप्पट.

"मेल्या, ही बिघडली तर बोट परत बोलवणार काय?" असं म्हणत त्यांनी आतल्या वायरींचं चित्र काढलं. एकदा नाही, तीनदा. एक डब्यात, एक खिशात, एक माझ्या हातात. "मला मधेच काय झाला तर तुझ्याकडे असूदे."

मग जुना पिकअप सोडवला, नवा बसवला, काळी वायर काळीच्या जागी झाळली आणि गिटार दुकानातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. मी तार छेडली. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की आवाज डासासारखा!

"झाला ना झकास?" काका म्हणाले.

"काका, जाडपणा गेला हो!"

ते गिटारकडे बघेनात, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग स्पीकरवर हात ठेवला आणि पांढरे पडले. "होय रे. थरथरच नाय. ह्या कंपनीचे रंग उलटे. काळ्याला काळा जोडला, तिथे फसलो. दोघे एकमेकांचा आवाज खातायत." नव्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली, आणि पहिल्याच ठोक्याला फळीवरचे डबे वाजले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

तरी दुसऱ्या दिवशी ते एसटीत माझ्या शेजारी हजर. पिशवीत सोल्डरिंगचं सगळं सामान. "वाटेत टाका सुटला तर?"

लांज्याला अख्खा कार्यक्रम ते स्पीकरच्या खोक्याला हात लावून उकिडवे बसले होते. वऱ्हाडी हसत होते, मला लाज वाटत होती. लोक पंगतीला उठले तसा मी चिडून त्यांच्याकडे गेलो. "काका, टाका पक्का आहे. आता तरी उठा!"

"टाक्यासाठी नाय बसलो," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली, कानात गाणं येत नाय. बोलणं येतं थोडं, तोंडाकडे बघून. कोणाला बोललो नाय. बहिऱ्याकडे रेडिओ कोण देईल? पण ह्या तुझ्या जाड तारा हाताला कळतात." मग भीत भीत म्हणाले, "एक वाजव. ओळखता येतं काय बघतो."

मी गिटार पुन्हा गळ्यात अडकवली. सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक गाणं मी वाजवलं. काकांनी डोळे मिटले, बराच वेळ तळहात दाबून धरला आणि एक नाव सांगितलं. भलत्याच गाण्याचं.

"बरोबर!" मी म्हणालो, आणि त्यांनी सांगितलेलं गाणं वाजवायला घेतलं.