गळ्याचं माप

कचेरीत हेडक्लार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या माणसाच्या टेबलावरची फाईल कधी पूर्ण होत नसे. ती पुढे जात असे. नोकरीत या गुणावर बढती मिळते. घरात मात्र पुढे ढकलायला कोणी नव्हतं. त्यामुळे न्हाणीघराचं दार आतून निळं आणि बाहेरून मूळ रंगाचं राहिलं होतं, आणि बाहेरच्या खोलीतली फळी एकाच ब्रॅकेटवर तग धरून होती (तिच्यावर हलकं आणि चौकोनी असेल तेवढंच ठेवायचं, असा घरात नियम होता).

बायको इस्पितळात नर्स होती. सारी इमारत तिला सिस्टर म्हणे; नवऱ्याच्याही तोंडून एकदोनदा ते निघून गेलं होतं. नव्या वॉर्डातल्या एसीने ती रोज गारठून घरी येई. एकदा चपला काढता काढता ती म्हणाली, "तुमच्या हातून पूर्ण झालेली एक तरी वस्तू मला मरायच्या आत बघायची आहे."

"लग्न पूर्ण केलं की."

"तिथे मदतीला बाकीची माणसं होती."

हे त्याला लागलं. चांगलंच लागलं. तिच्या वाढदिवसाला आपल्या हातचा स्वेटर द्यायचा, आणि तोही पूर्ण, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. (विकतचा आणता आला असता. पण विकतचा दुसऱ्याने पूर्ण केलेला असतो.)

कोपऱ्यावर लोकरीचं दुकान होतं. दुकानवाल्या बाईंनी त्याला समजावून सांगितलं, "पाठ वेगळी, पोट वेगळं, बाह्या वेगळ्या. मग सगळं जोडून शिवायचं."

हेडक्लार्कला घाम फुटला. पाठ होईल आणि पोट राहील, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

"बिनजोडाचा नसतो का?"

"असतो ना. क्रोशाने करायचा. गळ्यापासून सुरुवात करायची आणि गोल गोल खाली यायचं. मध्ये मध्ये घालून बघायचं आणि हवा तेवढा लांब झाला की थांबायचं."

हवं तिथे थांबायची मुभा असलेलं काम त्याला आयुष्यात प्रथमच भेटत होतं. त्याने तिथल्या तिथे गुलाबी लोकर घेतली.

"फक्त गळ्याचं माप नीट घ्या," बाई म्हणाल्या. "गळा चुकला की सगळं चुकलं."

रात्रपाळी करून आलेली सिस्टर सुट्टीच्या दुपारी गाढ झोपली होती. हेडक्लार्कने श्वास रोखून तिच्या मानेभोवती टेप गुंडाळली. माप अगदी बरोबर मिळालं, पण बोटं गार होती. तिने डोळे उघडले.

"काय करताय?"

"काही नाही. झोप तू."

गळ्याभोवती टेप आवळून वर ओणवा झालेला नवरा 'झोप तू' म्हणतो, तेव्हा कुठल्याही बायकोची झोप उडते. त्या दिवसापासून तिची बहीण रोज संध्याकाळी फोन करू लागली. "ठीक आहेस ना?" एवढंच विचारून ठेवून देई. मेहुणीला एकाएकी एवढी माया कुठून फुटली, ते हेडक्लार्कला कळेना.

तो मात्र कामाला लागला. बाईंनी शिकवलेल्या साखळ्या घातल्या, उसवल्या, पुन्हा घातल्या. बायको ड्यूटीवर गेली की माळ्यावरची जुनी बॅग उघडायची आणि ती यायच्या आत बंद करायची. आणि स्वेटर खरोखरच छातीवरून पोटावर, पोटावरून कमरेकडे उतरू लागला. (बाह्या त्याने वगळल्या होत्या. बाह्या दोन असतात, आणि दुसरीचा त्याला भरवसा नव्हता.)

वाढदिवसाच्या संध्याकाळी फक्त लांबी ठरवून टोक बंद करायचं राहिलं होतं. दोघांची अंगकाठी सारखीच, म्हणून त्याने सुई बाजूला काढली आणि बनियनवर स्वेटर चढवला. कान दुमडले, नाक चपटं झालं, पण डोकं एकदाचं बाहेर आलं. आरशात लांबी अगदी नेमकी दिसत होती. आपल्या हातून काहीतरी पूर्ण होतंय, या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

मग तो काढायला गेला. गळा हनुवटीपाशी अडकला. त्याने ओढला, विनवला, शिव्या दिल्या. गळा हलेना. सिस्टर कुठल्याही क्षणी येणार होती. शेवटी त्याने पायात चपला सरकवल्या, धाडकन दार ओढलं आणि तो दुकानाकडे धावला. लोकरीचा गुंडा आत बॅगेतच होता, आणि त्याचा धागा दारात अडकला होता.

घरातून निघताना त्याला उकडत होतं. जिना उतरल्यावर जरा बरं वाटलं, कोपऱ्यापाशी तर छान गार वाटू लागलं. लोक वळून वळून बघत होते. गुलाबी रंग आपल्याला खुलतो, असा त्याने अर्थ काढला.

"बाई, गळा निघत नाही."

"गळाच तर उरलाय," बाई म्हणाल्या. "स्वेटर कुठंय?"

त्याने खाली पाहिलं. बनियन दिसलं. मानेभोवती गुलाबी पट्टी होती आणि तिच्यातून निघालेला धागा दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर गेला होता.

"माप कुठलं घेतलंत?"

"गळ्याचं. तुम्हीच म्हणालात."

"अहो, कपड्याच्या गळ्याचं. बायकोच्या नव्हे."

तेवढ्यात पायरीवर सिस्टर उभी राहिली. दारातून निघालेला धागा बँडेज गुंडाळावं तसा गुंडाळत ती इथवर आली होती. तिच्या हातात कलिंगडाएवढा गोळा होता.

"म्हणजे त्या दुपारी तुम्ही..."

"माप घेत होतो."

"मी बहिणीला सांगून ठेवलं होतं, एखाद्या दिवशी फोन उचलला नाही तर सरळ पोलिसांत जा म्हणून."

हेडक्लार्कला मेहुणीची माया एकदम उलगडली. पण आता त्याला त्याचंही काही वाटलं नाही. "खालपर्यंत झाला होता गं," तो म्हणाला. "नुसतं टोक बंद करायचं होतं."

सिस्टरने गोळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. हा सगळा स्वेटर आपल्यासाठी होता, हे कळल्यावर तिला भरून आलं. बाईंनी कात्री काढली.

"कापू नका," तो ओरडला. "तेवढंच राहिलंय."

"तोंड मिटा," सिस्टर म्हणाली.

"पण तेवढंच..."

"मिटा म्हणते ना."

त्याने तोंड मिटलं. हनुवटी आत गेली, आणि गळा अलगद डोक्यावरून निघून आला.

"एवढंच होतं?"

"एवढंच. घरीच तोंड मिटलं असतंत, तर स्वेटर शाबूत होता."

बाईंनी टोक बंद करून दिलं. सिस्टरने ती पट्टी डोक्यातून घातली; माप तिच्याच गळ्याचं असल्यामुळे ती चपखल बसली. आता ड्यूटीवर ती रोज घालून जाते. लोकरीचा गोळा फळीवर ठेवलाय, आणि गोल असल्यामुळे तो रोज गडगडत खाली येतो.

"मिस्टर तुमच्यासाठी स्वेटर विणतायत म्हणे," वॉर्डातल्या बायका विचारतात. "कुठवर आलाय?"

"गळ्याशी आलाय," सिस्टर सांगते.