एकदा नारळ फुटला की

हिंगणवेल नगरपालिकेच्या हद्दीत कोणताही रस्ता खोदता येत नाही. तसा कायदा नाही आणि ठरावही नाही. पण रस्त्याच्या प्रत्येक थराचा शुभारंभ कोणा ना कोणा पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फोडून झालेला असतो, आणि तो थर उकरणे म्हणजे त्या पुढाऱ्याच्या नारळावर कुदळ घालणे, असे गावात सर्वपक्षीय मत आहे. त्यामुळे जुन्या डांबरावर नवे, त्यावर पुढच्या निवडणुकीचे, अशी तिथल्या रस्त्यांची प्रगती सतत वरच्या दिशेने चालू होती. सांगलीहून एसटीने येणाऱ्या माणसाला वेशीजवळ गाडी चढाला लागल्याचे जाणवे आणि हिंगणवेल डोंगरात आहे की काय, अशी शंका येई.

पेठेच्या टोकाला, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत, राहीबाईची पिठाची गिरणी होती. ही गिरणी घातली तेव्हा रस्त्यावरून आत जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. एका निवडणुकीनंतर पायऱ्या गेल्या आणि उंबरा रस्त्याला भिडला. त्यानंतरच्या निवडणुकीनंतर गिऱ्हाइके दळणाचे डबे वरून खाली देऊ लागली. शेजारची तानुबाई चौकटीला धरून पाय खाली सोडायची आणि म्हणायची, "हिरीत उतरल्यागत वाटतंय गं बाई." पण दळण मात्र ती दुसरीकडे नेत नसे, कारण राहीबाईच्या दगडाखालचे पीठ भाकरीला चिरत नाही, असा गावभर लौकिक होता. त्या पिठावर राहीबाईचे घर चालले होते आणि पोरगी संयोगिता सांगलीत शिकत होती.

राहीबाईचा नवरा गुंडा गिरणीची मोटर बघायचा, पट्टा बदलायचा, झिजलेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावायचा. पण गावात त्याची किंमत होती ती वेगळ्याच कामासाठी. पुढाऱ्याचा नारळ पहिल्या घावात फुटला पाहिजे. नाही फुटला तर लोक कुजबुजतात, विरोधी गट मागे उभा राहून खोकतो आणि त्या कामाला अपशकून चिकटतो. म्हणून गुंडा आदल्या दिवशी नारळ घरी आणून कोयत्याच्या पाठीने फिरवत फिरवत असा ठोके की आतून बारीक चीर जाई, पण पाण्याचा थेंब बाहेर येत नसे. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याने तो दगडावर नुसता टेकवला तरी त्याची दोन शकले होत आणि पुढारी आपल्याच मनगटाकडे कौतुकाने बघत. सत्ताधारी असोत की विरोधी, नारळ गुंडाकडेच येई. गिरणीसमोरच्या रस्त्याचे सगळे थर त्याच्याच हातचे होते, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या सगळ्या थरांच्या तळाशी असलेला नगरपालिकेचा पाइप फुटला. आळीतले नळ कोरडे पडले. पाणी मात्र गप्प बसले नाही. त्याने उतार शोधला, आणि आळीत सगळ्यात खाली राहीबाईची गिरणी होती. मोटर भिजली. ती कुपवाडला नेऊन तिचे वाइंडिंग करून आणली, तर पुन्हा भिजली. दुसऱ्या खेपेला वाइंडिंगवाल्याने स्पष्ट सांगितले की आता भिजली तर माझ्याकडे आणू नका, भंगारवाल्याकडे न्या. राहीबाईने मोटर चिऱ्यांवर चढवून ठेवली आणि नगरपालिका गाठली.

नगर अभियंता विश्वजीत हे तरुण आणि शिकलेले गृहस्थ होते. पाहणीला ते स्वतः आले आणि पँट दुमडून चौकटीत उभे राहिले.

"सायेब, नळाला पाणी न्हाई आन् गिरणीत पाणी हाय," राहीबाई म्हणाली.

"म्हणजे पाणीपुरवठा सुरळीत आहे."

"नळाला न्हाई म्हंते मी."

"बाई, पाणी तुमच्या घरापर्यंत पोचवणं ही नगरपालिकेची जबाबदारी. ते पोचलेलं मला दिसतंय. कुठल्या वाटेनं आलं, हा तांत्रिक भाग झाला."

"आवं, रस्ता वर आलाय म्हणून आत येतंय ते. रस्ता खोदा, पाइप जोडा. एका दिसाचं काम हाय."

'खोदा' हा शब्द ऐकल्यावर अभियंत्यांनी आधी उजवीकडे पाहिले, मग डावीकडे. मग आवाज उतरवून म्हणाले, "वरचा थर जोतीआप्पांचा आहे. ते आज नगराध्यक्ष आहेत. त्याखालचा माजी नगराध्यक्षांचा. ते उद्या होतील. आणि सगळ्यात खालचा ज्यांच्या हस्ते झाला ते वारले. त्यांना विचारायला कोण जाणार?"

त्यांचा अहवाल आठवडाभरात आला. रस्ता वर आलेला नसून घर खाली गेले आहे, कोयनेकडे अधूनमधून धक्के बसत असतात, त्याचा हा परिणाम असावा, आणि भूकंप हा विषय नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही, असे त्यात नमूद होते. गुंडाने तो अहवाल दोनदा वाचून घेतला. "साहेबानं अब्यास मातूर केलाय," तो म्हणाला. राहीबाई त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

त्याच वर्षी नगरपालिकेने पाणीपट्टीचे नवे धोरण स्वीकारले होते. जेवढे पाणी तेवढी पट्टी. धोरण न्यायाचे होते, सभेत बाके वाजली होती. घरोघर नळांना मीटर बसले. पण नळांना पाणीच नसल्यामुळे मीटरचे काटे हलेनात आणि वसुली बसली. तेव्हा प्रशासनाच्या ध्यानात आले की या आळीत नगरपालिकेचे पाणी नियमित घेणारे एकच ठिकाण आहे, आणि तिथे मीटर नाही. जमिनीला मीटर बसवता येईना. म्हणून पाणी सोडणारा कर्मचारी सिद्धू रोज सकाळी बांबूची काठी घेऊन गिरणीत उतरू लागला. काठी बुडवायची, भिजलेल्या खुणेवर बोट ठेवायचे आणि तसेच बोट धरून कचेरीत जायचे.

पट्टी आली ती व्यापारी दराने. राहीबाईने सिद्धूला चौकटीत गाठले.

"सिद्धू, लेका, निम्मे दिस गिरणी बंदच असती. मग व्यापारी दर कशाचा रं?"

"मौशे, बंद कशानं असती?"

"पाण्यानं."

"मग पाण्याचा वापर गिरणीसाठीच झाला न्हवं?" सिद्धू म्हणाला. तो पोरगा स्वभावाने वाईट नव्हता. कचेरीत जे सांगत ते तो जसेच्या तसे बाहेर सांगत असे.

मग राहीबाई सिद्धू यायच्या आधी उठून बादल्यांनी पाणी उपसून रस्त्यावर ओतू लागली. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. पाण्याने डांबर सुटते, सबब मान्यवरांच्या हस्ते शुभारंभ झालेल्या रस्त्यावर पाणी टाकू नये. पाणी रस्त्याखालून तिच्या घरात येऊ शकत होते, पण तिच्या घरातून रस्त्यावर जाऊ शकत नव्हते. एवढे झाल्यावर तिने बादली खाली ठेवली आणि रडून घेतले. नंतर डोळे पुसून आलेले दळण दळायला बसली, कारण मोटर अजून चिऱ्यांवर कोरडी होती.

पहिली घागर तानुबाई घेऊन आली. "आमच्या नळाला थेंब न्हाई बघ. तुझ्याकडं हाय तर न्हेते घागरभर," ती म्हणाली. राहीबाई नाही कशी म्हणणार? पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. पाणी पिठाने जरा दुधाळ होते, पण गाळून घेतले की गोड लागे. दुसऱ्या दिवशी चार घागरी आल्या, मग अख्खी आळी आली. बायका रांगेत उभ्या राहून राहीबाईच्या नशिबाबद्दल हळहळत आणि आपली घागर काठोकाठ भरून घेत.

रांग दिसली की पुढाऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. जोतीआप्पा आले, त्यांनी रांगेला नमस्कार केला आणि चौकटीतून खाली डोकावले. पुढच्याच सभेत ठराव झाला. सदर गिरणीस सार्वजनिक जलकेंद्राचा दर्जा द्यावा, तेथे पाण्याची पातळी कायम राखावी, अडथळा ठरणारी मोटर हलवावी, आणि गिरणीमालकिणीची पाणीपट्टी माणुसकीच्या भूमिकेतून माफ करावी. शुभारंभ येत्या शुक्रवारी, नगराध्यक्षांच्या शुभहस्ते.

गुरुवारी दुपारी गुंडा नारळ घेऊन घरी आला. दोन्ही हातांत धरून आणला होता. "आप्पांनी सोता दिला," तो म्हणाला, आणि सवयीने कोयता शोधू लागला.

राहीबाईने कोयता आधीच पदराखाली घेतला होता.

"आवं, हितं बसा. ह्यो नारळ फुटला की गिरणी गेली. मागनं कुणी म्हनलं, पाइप जोडा, पाणी काढा, तर सांगतील की आप्पांचा नारळ हाय. कळतंय न्हवं?"

"कळतंय की."

"स्टँडवरच्या मुतारीचं ध्यानात हाय का? तुमी तापानं पडला हुता, नारळ तसाच ग्येला आन् फुटला न्हाई. दुसऱ्या दिशी काम बंद. समद्या गावात कुदळ लागली ती तेवढ्याच जाग्याला. अपशकुनाची जागा कुणालाच नगं असती."

"मग मी काय करू म्हंतीस?"

"काय बी करू नगा. तेवढंच करा. आप्पांच्यानं नारळ फुटला न्हाई की ते आपल्या तोंडानं म्हंत्याल, नगं हे, पाइप जोडून टाका."

गुंडाने मांडीवरचा नारळ खाली ठेवला. मग उठला, पाण्यात उतरला आणि गिरणीच्या दगडावर हात ठेवून म्हणाला, "ह्या दगडाची आण. कोयता लावणार न्हाई." राहीबाईला लग्न झाल्यापासून तो एवढा आवडला नव्हता. तिने त्या दिवशी त्याला आवडतो म्हणून खरवस केला.

शुक्रवारी रस्त्यावर मांडव पडला. गिरणीत उतरायला फळ्या टाकल्या होत्या. बायका रिकाम्या घागरी घेऊन पुढे, पुरुष मागे, आणि त्यांच्या मागे खोकण्याच्या तयारीने विरोधी गट. आप्पांनी भाषण केले. घराघरात पाणी हे आपले स्वप्न असून त्यातले एक घर आज पूर्ण झाले, असे ते म्हणाले. मग ते फळीवरून खाली उतरले, गिरणीच्या दगडापुढे उभे राहिले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे नारळ अलगद टेकवला.

नारळ फुटला नाही.

आप्पा हसले. लोकही हसले. आप्पांनी जरा जोराने आपटला. नारळ हातातून उडून पाण्यात पडला आणि तरंगू लागला. सिद्धूने तो काठीने ओढून काढून दिला. तिसऱ्या घावाला आप्पांचा अंगठा सापडला. बँडवाल्याने वाजवायला उचललेली पिपाणी खाली घेतली. मागून पहिला खोकला आला, मग दुसरा.

राहीबाई चौकटीला टेकून उभी होती. कित्येक महिन्यांनी तिला बरे वाटत होते. चिऱ्यांवरच्या मोटरकडे बघून तिने मनातल्या मनात म्हटले, जमलं.

आप्पांनी घाम पुसला आणि गुंडाकडे पाहिले. रागाने नाही. वडीलधाऱ्या माणसाने गर्दीत हात धरायला कुणी दिसते का बघावे, तसे पाहिले. त्यांचा चेहरा साफ उतरला होता.

चारचौघांत मोठ्या माणसाची फजिती बघणे हिंगणवेलच्या माणसाला जमत नाही. आपले घर बुडताना तो वर्षभर बघू शकतो, पण साहेबाचा उतरलेला चेहरा त्याला क्षणभर बघवत नाही. गुंडाने बायकोकडे बघायचे टाळले. तो दोन ढांगांत पाण्यात उतरला.

"आप्पा, द्या हिकडं. दगड वला हाय, म्हणून सरकतोय," तो म्हणाला. आणि कोयता न लावलेला तो टणक नारळ त्याने ज्या दगडाची आण घेतली होती त्याच दगडावर एका घावात फोडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तानुबाईने टाळ्या वाजवता याव्यात म्हणून घागर खाली ठेवली. नारळाचे पाणी गिरणीतल्या पाण्यात मिसळले आणि तिथल्या तिथे आप्पांनी गुंडाला शाल घातली. तो शाल अंगावर घेऊन मान खाली घालून उभा राहिला. "मी कोयता लावला न्हवता गं," तो पुटपुटला. ते खरे होते आणि म्हणून राहीबाईला त्याच्यावर नीट रागावताही येईना.

खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. एक तुकडा राहीबाईच्या तळहातावरही आला. प्रसाद टाकू नये, म्हणून तिने तो खाल्ला. खोबरे गोड होते. ते गोड होते याचाच तिला फार संताप आला.

मोटर भंगारात गेली. आता हिंगणवेलच्या त्या आळीत पाणी मुबलक आहे. पीठ मात्र तासगावहून आणावे लागते, आणि बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन एसटीसाठी उभ्या असतात. त्यात राहीबाईही असते. गावच्या गिरणीची सर न्हाई, असे तिला तानुबाई रोज सांगते. जलकेंद्राला लोकांची ये-जा वाढल्यामुळे समोरच्या रस्त्यावर आणखी एक थर मंजूर झाला असून त्याचा नारळ गुंडाकडे आलेला आहे.

हिंगणवेलला हसण्यापूर्वी वाचकांनी कृपया एकदा आपल्या दाराबाहेर येऊन उभे राहावे. उंबऱ्यावरून रस्त्यावर जाताना पाय खाली टाकावा लागतो की वर उचलावा लागतो, ते पाहावे. वर उचलावा लागत असेल, तर मागच्या वेळी तिथे नारळ फुटला तेव्हा आपण कुठे उभे होतो आणि तोंडात काय होते, ते आठवावे.