कुंकू लावलेली चिप

भोपाळच्या आमच्या इंद्रपुरीत एका साखरपुड्यात वानखेडे काकांनी नवऱ्या मुलाचा लॅपटॉप उलटा करून त्याचे स्क्रू काढले. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पेढ्यांचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं. मुलगा बिचारा एवढंच म्हणाला होता, "सुरू व्हायला जरा वेळ लावतो, काका." काकांनी विचारलं, "मालक तुम्हीच ना, जावईबापू? मग उघडू?" त्याने लाजून मान हलवली आणि झालं. अंगठ्यांपेक्षा लॅपटॉपभोवती गर्दी जास्त. मुलीची आई रडायच्या बेतात!

काका मोठ्या कारखान्यातून इलेक्ट्रॉनिक्सचे टेक्निशियन म्हणून रिटायर झाले. आमच्या समोरच राहतात. मूळचे वर्ध्याकडचे. सगळा जन्म भोपाळमध्ये गेला, तरी बोलण्यातलं 'मले-तुले' सुटलं नाही. रिटायर झालेली बाकीची माणसं बागेत फिरतात, भजनाला बसतात. काका लोकांच्या कॉम्प्युटरमधून कंपनीला बाहेर काढतात.

म्हणजे काय करतात, ते त्यांनीच मला एकदा समजावलं. मी काकूंची वाटी परत द्यायला गेले होते.

"ताई, सकाळी तुमच्या घरात पहिले कोण उठते?"

"मी," म्हटलं.

"तुम्ही उठता, गॅस पेटवता, मग बाकीच्यायले उठवता. बराबर? तशीच ह्या डब्यात एक बारकी चिप राहते. बटण दाबलं की पहिले ते उठते, मग बाकीच्यायले उठवते. पण तिच्या पोटात सॉफ्टवेअर कंपनीचं! ते काय करते, कोणाले आत घेते, कोणाले दारातूनच वापस पाठवते, आपल्याले पाहू देत नाही. तुमच्या सयपाकघरात असा तोंड झाकलेला माणूस चालन का?"

मी हादरलेच. पुढे कितीतरी दिवस माझ्या मुलीच्या, मंजूच्या, लॅपटॉपसमोरून मी पदर सावरून जायची.

काका चिपमधलं ते सॉफ्टवेअर पुसतात आणि तिथे मोकळं सॉफ्टवेअर भरतात. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही वाचता येईल, बदलता येईल असं. काकूंना यातलं काही सांगू नये. "माझ्या मिक्सरला हात लावाल तर खबरदार," त्या म्हणतात. "त्यात काही वाचण्यासारखं नाही," म्हणून काका खरोखर हळहळतात.

मंजूचा लॅपटॉप जुनाच घेतलेला. या पावसाळ्यात त्याचं वायफायचं कार्ड बिघडलं. तिने दुसरं आणून बसवलं, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि गाडी तिथेच थांबली. मंजूने वाचून सांगितलं, "आई, म्हणतोय की हे कार्ड त्यांच्या पसंतीचं नाही, काढून टाका." मला विश्वासच बसेना. आपण विकत आणलेली वस्तू आपल्याच घरात बसून आपल्याला हुकूम सोडते? आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मंजूची नोकरीची मुलाखत. कॉम्प्युटरवर काम करून दाखवायचं होतं, मोबाइलवर भागणार नव्हतं. तिचे बाबा गेल्यापासून घर माझ्या शिवणावर चाललं आहे. ही नोकरी आम्हाला हवीच होती.

मी समोर जाऊन सांगितलं, तर काका म्हणाले, "उद्या खंडेनवमी. घेऊन या. चिपमधलं बदललं की कोणतंही कार्ड चालन."

गेलो, तर पाटावर सगळी हत्यारं मांडलेली. स्क्रूड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. "पूजेबिगर मशीनले हात नाही. कारखान्यात आम्ही लेथलेही कुंकू लावत होतो," काका म्हणाले. त्यांनी लॅपटॉप उघडला. नखापेक्षा लहान अशी ती चिप सापडली. काकांनी हात जोडले आणि तिलाही कुंकवाचं बोट लावलं.

आता झालं असं, की अशा चिपच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो. नवं सॉफ्टवेअर भरायचा वायरींचा चिमटा त्या ठिपक्याकडे तोंड करूनच लावायचा. काकांनी चष्मा पुसला, ठिपका पाहिला, चिमटा लावला. तो ठिपका कुंकवाचा होता.

जळका वास आला.

"मेली," काका म्हणाले.

मंजू ओरडलीच. "काका, परसों मुलाखत आहे माझी!"

"भरायचं सगळं तयार आहे, बेटा. चिपच नाही. आता दसरा झाल्याबिगर दुकान नाही उघडत." माणूस केवढासा झाला होता.

तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "त्यात आहे की तशीच." पाटाच्या टोकाला एक काळा लॅपटॉप होता. त्याच्यावरही झेंडूचं फूल.

"त्याले नाही," काका एकदम म्हणाले.

"का नाही? साऱ्या भोपाळची कुलपं काढता, आणि घरातलं तेवढं ठेवता!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "अभयचा आहे, आमच्या मुलाचा. ह्यांनी न विचारता उघडला होता. पोराचं ऑफिसचं सगळं काम गेलं. त्याने दुसऱ्याच दिवशी ह्याला पासवर्ड लावला, इथेच टाकला आणि पुण्याला निघून गेला. माझ्याशी बोलतो. ह्यांच्याशी नाही. तो पासवर्ड ह्यांना चहा उकळेपर्यंत काढता येईल. पण रोज नुसता पुसून ठेवतात."

मी काकांकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत मला यातलं काही माहीत नव्हतं.

"मालक तो आहे," काका खाली बघत म्हणाले.

मंजू हळूच म्हणाली, "तो पूछ लो ना मालकाला, काका."

काकांनी बोटाचं कुंकू बनियनला पुसलं. काकूंनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. काका उभे राहिले, साहेबापुढे राहावं तसे.

"अभय... मी. तुझ्या लॅपटॉपमधली चिप पाहिजे होती. समोरच्या मंजूले. माझ्याच हातून तिची जळली. काढू का?"

पलीकडून अभय काहीतरी बोलला. मग काका म्हणाले, "बरं. काढतो."

मंजूने लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला. काकांनी हात वर करून तिला थांबवलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"नाही, अजून नाही," ते म्हणाले. "तुझी आई आता वाढते. तू जेवला का?"