पाच गाठींची मोहीम

आज्ञा कोणाची नसता हा मजकूर लिहिण्यास घेतला, कारण आमदारसाहेबांच्या पराक्रमाची नोंद दुसरा कोणी ठेवील ऐसा रंग दिसेना. लिहिणारा साहेबांस फार जवळून ओळखतो. रोज त्यांची दाढीही तोच करतो.

साहेब मूळचे शिंपी. अक्षर एकही येत नसे, म्हणून गिऱ्हाइकाचे माप दोऱ्यास गाठी मारून ठेवीत, आणि ऐशा गाठी मारता मारता अवघ्या मुलखाच्या कमरा त्यांस मुखोद्गत जाहल्या, आणि मग निवडणुकीचा प्रसंग उभा ठाकला तेव्हा दारोदार जाऊन, 'छातीत दोन इंच वाढलात, सुखात दिसता,' ऐसे वदून मते हस्तगत केली आणि सभागृहात दाखल जाहले. तेथे सात वर्षे त्यांनी अवाक्षर काढिले नाही. बाक वाजविणे हीच त्यांची शमशेर, आणि ती त्यांनी झोपेतदेखील म्यान केली नाही.

मग मंत्रिमहोदयांचे फर्मान निघाले की, प्रौढांस अक्षरे शिकविणारा वर्ग पुरेसा पट नसल्याकारणे बंद करावा. त्या वर्गात साहेब आणि त्यांच्या पत्नी बाईसाहेब एकाच बाकावर बसत. साहेब दुसऱ्या पुस्तकात रुतले होते आणि बाईसाहेब तिसऱ्यात शिरल्या होत्या. बाईसाहेबांनी भांडी विसळता विसळता हुकूम फर्माविला.

"लेकीचं पत्र मला शेजारणीकडून वाचून घ्यावं लागतं. जावयाची आणि तिची सगळी भांडणं त्या बयेला पाठ झालीत. वर्ग वाचवा, नाहीतर बाक वाजवत तिकडेच राहा."

साहेबांनी युद्ध पुष्कळ टाळून पाहिले, टळले नाही. मग भाषणाची मसलत करून दोऱ्यास पाच गाठी मारिल्या, पहिली नमस्काराची, मधल्या तीन वर्गाच्या आणि पाचवी खाली बसण्याची, आणि दोरा मेजावर ठेवून स्वारी स्नानास गेली. इतक्यात बाईसाहेबांस कोटाचे बटण लोंबताना दिसले, आणि मेजावर दोरा दिसला, आणि गाठी सुटेनात म्हणून त्यांनी जाड सुई घेऊन तशाच ओढून बटण पक्के केले.

सभागृहात साहेबांचे नाव पुकारले गेले. साहेबांनी खिसे धुंडाळिले, दोरा नाही. घाम सुटला, हात बटणावर गेला, आणि बोटास गाठ लागली. पहिल्या चार गाठी कापडात गडप होऊन वर उरली होती ती पाचवी. बोटांस सवय माप सांगण्याची, त्यांनी इमानाने सांगितले.

"एवढं बोलून मी खाली बसतो," ऐसे बोलून साहेब बसले.

अवघ्या सभागृहाने बाक वाजविले. अध्यक्षांनी ऐसा संयम इतरांनीही धरावा म्हणून तारीफ केली आणि पुढील सदस्यास पुकारले. तोच साहेबांस भांडी विसळणाऱ्या हातांची याद आली आणि ते पुन्हा उभे राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही आत्ताच बसलात ना?"

"बसलो होतो. ते शेवटचं होतं. आता सुरुवात करतो." आणि मग गाठींची आस सोडून साहेब म्हणाले, "मंत्रीसाहेब म्हणतात वर्गाला बाराच जण येतात. त्यातला एक मी. मला अजून दुसरं पुस्तक संपवायचंय. आणि संध्याकाळी घरी जायचंय."

हशा उसळला. प्रथम मंत्रिमहोदय हसले, आणि हसण्याच्या भरात त्यांनी जाहीर केले की, माननीय सदस्य अखेरची परीक्षा उत्तीर्ण होत नाहीत तोवर वर्ग बंद करू नये. ते शब्द सभागृहाच्या दप्तरी दाखल जाहले, आणि मोहीम फत्ते जाहली.

यास सहा वर्षे लोटली. वर्ग चालू आहे. बाईसाहेब पत्रे स्वतः वाचतात, दोनदोनदा वाचतात, आणि शेजारीण रुसली आहे. साहेब दर साल परीक्षेस बसतात आणि दर साल नापास होतात, आणि ऐसे सातत्य वर्गाच्या गुरुजींनी दुसऱ्या कोणात पाहिले नाही.

वाचणारांस ताकीद इतकीच की, हा कागद गुरुजींच्या दृष्टीस पडू देऊ नये. हस्ताक्षर ते ओळखतील, आणि मग साहेबांस पास करावे लागेल.