कोंबड्यांना दाणे कोण घालणार

ख्वातने सगळं ठरवलं होतं. टूरवाला नको, गाइड नको, नातेवाईक तर नकोतच. आपली स्कूटर, मागे बायको, वाटेत मनात येईल त्या गावी थांबायचं आणि घाट उतरून समुद्र गाठायचा. लग्नाला तीस वर्षं होऊनही दोघांनी समुद्र पाहिला नव्हता. व्हिएतनामच्या डोंगरातल्या आमच्या बुओन मा थुओतला कॉफीचा मळा माणसाला सुटी देत नाही. त्याच्या बायकोने, न्यानने तर फुलाफुलांची टोपी आणून उशाशी ठेवली होती.

राहता राहिल्या कोंबड्या. त्यांना दाणे घालायला कुणीतरी हवं, म्हणून ख्वात शेजारच्या लुआ आत्याकडे गेला. कुणाकडे बोलू नका, असं न्यानने बजावलं होतं. पण आत्या म्हणजे घरचीच, असं त्याला वाटलं. इथेच तो फसला.

आत्याने पान चघळत बोटांवर तिथी मोजली.

"सप्तमीला निघतोस? अक्कल गहाण टाकलीस का रे? सप्तमीला घर सोडू नये, तृतीयेला परतू नये. तुझ्या बापाला कळत होतं हे."

"तीन दिवसांचा तर प्रवास आहे, आत्या."

"टायरला एक खिळा पुरतो."

मग निघणं नवमीवर गेलं. नवमीला आला रविवार. रविवारी आत्याच्या मुलाला सुटी. या वयात घाटात स्कूटर कसली, म्हणत त्याने व्हॅन ठरवली. रिकामी व्हॅन नेणं आत्याला पटेना आणि तिच्या गुडघ्यांना खारं पाणी हवंच होतं. आत्या येते म्हणून तिची जाऊ आली, जाऊबाईंमागून त्यांच्या सुनेची आई. तिला वाटेतल्या पॅगोडात उदबत्ती लावायची होती. थोरांना नाही म्हणण्यापेक्षा घाट चढणं सोपं. ख्वात रोज संध्याकाळी बायकोला एकेक नवं नाव सांगायचा आणि ती नुसतं "बरं" म्हणायची. त्या "बरं"ची त्याला भीती वाटू लागली.

रविवारी पहाटे व्हॅन भरली. चिकट भाताचे डबे चढले, उकडलेली कोंबडी चढली, गाणी म्हणायला भला मोठा स्पीकर चढला. कशाबशा दोन जागा उरल्या होत्या. न्यान टोपी घालून बसली आणि तेवढ्यात आत्याला आठवण झाली.

"अरे, कोंबड्यांचं काय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाने आपल्या कोंबड्या दुसऱ्यावर सोपवल्या होत्या आणि तो दुसरा व्हॅनमध्येच बसला होता.

"मी थांबते," म्हणत न्यान उतरली. तिच्यामागून ख्वातही उतरला. त्यांच्या जागांवर स्पीकर ऐसपैस बसला.

दुपारी न्यान टोपी घालूनच साऱ्या आळीच्या कोंबड्यांना दाणे घालत होती. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर गुडघाभर पाण्यात आत्या.

"बघ गं न्यान, समुद्र! केवढा मोठाय बघ!"

पडद्यावर आत्याचा अंगठा होता. त्याच्या कडेने बोटभर निळं दिसत होतं. न्यान बराच वेळ तेवढंच बघत राहिली. ख्वातला फार वाईट वाटलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आत्याला सांगायलाच नको होतं."

"पुढच्या वेळी मलाही सांगू नका. नुसती स्कूटर काढा आणि मागे बस म्हणा."

"आणि कोंबड्या?"

न्यानने सुपातले उरलेले दाणे अंगणात टाकले.

"आदल्या दिवशी खाऊन टाकू."