आमेन होईपर्यंत डोळे मिटा

रागावणं मी सोडलंय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. मी एक शांत बाई आहे. ज्याला हे पटत नसेल त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं, मग दाखवते!

ही शांती आमच्या घरात आली ती पाळकसाहेबांच्या शिबिरातून. आईबापांसाठी शिबिर होतं, विषय होता राग. पाळकसाहेब म्हणाले, मुलांवर ओरडण्याआधी प्रार्थना करा, अर्धा राग तिथेच जिरतो. खरं आहे. चांगलं आहे. पाळकसाहेबांना स्वतःला मूलबाळ नाही, पण ते जाऊ दे. आमच्या ह्यांनी ती चांगली गोष्ट घरी आणली आणि तिचा कायदा केला! कोणी कोणावर चिडणार असं दिसलं, की घरातल्या कोणीही म्हणायचं, "प्रार्थना करू या." मग सगळ्यांनी असतील तिथे उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि आमेन होईपर्यंत ना डोळे उघडायचे ना तोंड.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. आत अडकलेल्या माणसांना बाहेरून दिवसभर सांगत असतात, "घाबरू नका, शांत उभे राहा, दार उघडेल." संध्याकाळी तोच आवाज घेऊन घरी येतात. मी चिडले की मलाही तेच. "शांत राहा, उघडेल." काय उघडेल? डोकं उघडेल माझं एक दिवस!

पण पहिला आठवडा कायदा चालला बरं का. मुलांनी दूध सांडलं, प्रार्थना. चपला बादलीत बुडवल्या, प्रार्थना. आमची थोरली सात वर्षांची आणि धाकटा चार, म्हणजे प्रार्थनेला विषयांची टंचाई नव्हती. मी एकदाही ओरडले नाही. आता एवढं झाल्यावर माणूस गप्प बसेल का? मी महिला मंडळात सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं. अध्यक्षबाई इतक्या खूश झाल्या, की म्हणाल्या, "या रविवारी उपासनेत साक्ष दे. सगळ्या मंडळीला कळू दे, घर कसं असावं ते." आणि त्याच बैठकीत त्यांनी फर्मानच काढलं, की हा कायदा मंडळातल्या प्रत्येक बाईने घरी पाळावा.

अध्यक्षबाईंना नाही म्हणायची कोणाची छाती नाही. माझी तर नाहीच, कारण मी शिवणकाम करते आणि त्यांच्या लेकीच्या लग्नाचे कपडे माझ्याकडे होते. हे लग्न झोकात झालं तर चर्चमधली पुढची प्रत्येक नवरी माझ्या मशीनपाशी येणार. बिघडलं तर उशांचे अभ्रे शिवत म्हातारी होणार. लग्न शनिवारी दुपारी, माझी साक्ष रविवारी सकाळी. एका दगडात दोन पक्षी मारायचे असं मी ठरवून टाकलं होतं.

शनिवार उजाडला. गाऊन आदल्या दिवशीच गेला होता. राहिली होती ती व्हेल, नवरीच्या डोक्यावरून पार जमिनीपर्यंत येणारी पांढरी जाळी. नवरीबाईंना ऐन वेळी काठाची लेस आवडेनाशी झाली, म्हणून मी ती उसवून दुसरी लावली होती. फक्त एका बाजूला कच्चे टाके होते, ते पक्के करायचे की झालं. अध्यक्षबाई स्वतः न्यायला येणार होत्या. मी व्हेल माझ्या शिवणाच्या पुतळ्याच्या डोक्यावर घातली, चहा ठेवायला आत गेले आणि परत आले.

पुतळ्याचं डोकं उघडं!

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. आणि आमच्या थोरलीचा आवाज. "उजवीकडे टाक! उजवीकडे! डावीकडे मासे नसतात!"

मी दार ढकललं. टब काठोकाठ भरलेला. त्यात रबरी बदक, दोन मोटारी, माझा मापाचा लाकडी गज आणि ह्यांचा दाढीचा ब्रश तरंगत होते. धाकटा टबाच्या काठावर उभा. आणि त्याच्या हातात व्हेल. ओलीचिंब! रविवारच्या शाळेत त्यांना कोळ्यांची गोष्ट सांगितली होती. रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नाही, मग जाळं दुसऱ्या बाजूला टाकलं आणि मासेच मासे. आमच्या घरात जाळं नाही. जाळी होती.

"आई, बघ, बदक धरलं!" धाकटा म्हणाला.

मी श्वास घेतला. असा घेतला, की न्हाणीघरातली हवा संपली असेल. आणि तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली हात जोडून म्हणाली, "आई, प्रार्थना करू या."

कार्टीने कायदा पाठ केला होता! काय करणार? उद्या साक्ष द्यायची होती. मी डोळे मिटले.

"हे प्रेमळ देवा, या सुंदर सकाळबद्दल तुझे आभार मानतो. मामाचा गुडघा बरा कर. समोरच्यांच्या मांजरीला आशीर्वाद दे, तिच्या पिल्लांनाही दे, काळ्या पिल्लाला जास्त दे, कारण ते बारीक आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या सगळ्या लोकांना बाहेर काढ..."

रागाची उसळी तोंडापर्यंत येत होती आणि मी परत गिळत होते. लग्नाची वेळ जवळ येत होती, आणि ही बया लिफ्टमधली माणसं एकेक करून बाहेर काढत होती! मध्येच मला टपटप ऐकू आलं. मग ओल्या पावलांचा आवाज, माझ्या बाजूने, दाराबाहेर. पण आमेन झालं नव्हतं.

"...आमेन."

डोळे उघडले. बदक होतं, मोटारी होत्या. धाकटा नव्हता आणि व्हेलही नव्हती.

पाण्याचा माग काढत मी बाहेरच्या खोलीत धावले, थोरली माझ्या मागे. तिथे हे आपला लग्नात घालायचा शर्ट इस्त्री करत होते. त्यांच्या शेजारून एक ओला, पांढरा, लांबलचक शेपटा फरशीवरून घासत गॅलरीत गेला होता, आणि ह्यांना पत्ता नाही! गॅलरीत धाकटा स्टुलावर चढलेला, जाळी कठड्यावर. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. खाली रस्ता.

"अरे गा..." मी सुरुवात केली. गाढवा म्हणणार होते, एवढंच. लेकराला लागेल अशी भीती आणि व्हेल जाईल असा संताप, दोन्ही एका शब्दात बसवत होते.

"अगं, आधी प्रार्थना," हे म्हणाले. त्याच लिफ्टच्या आवाजात!

"अहो, पण तो..."

"नियम म्हणजे नियम. आपणच मोडला तर मुलांनी काय शिकायचं?" इस्त्री डाव्या हातात तशीच ठेवून ते पुढे झाले, उजव्या हाताने त्यांनी धाकट्याला मागून शर्टाला धरलं, तेवढी अक्कल होती, आणि डोळे मिटले. "हे कृपाळू पित्या..."

ह्यांची प्रार्थना आमच्या चर्चमध्ये प्रसिद्ध आहे. ती सुरू झाली की म्हातारी माणसं खुर्च्या शोधतात. मी डोळे मिटून उभी. दात एवढे आवळले, की कानात कळ आली. पित्याची कृपा झाली, दया झाली, सहनशीलता आली, आणि नेमकी सहनशीलतेवर थोरली हळूच पुटपुटली, "उजवीकडे."

फडाड! काहीतरी ओलं खाली पडलं. खालून किंकाळी आली.

"धरली!" धाकटा ओरडला. "आई, मोठी धरली!"

मी खाली बघितलं नाही. गरजच नव्हती. ती किंकाळी मी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत भाषणाच्या रूपात ऐकलेली होती.

अध्यक्षबाई जिना चढून आल्या. लेकीच्या लग्नासाठी पहाटेपासून बसून केसांचा मनोरा करून घेतला होता. त्या मनोऱ्यावर व्हेल. पिनांमध्ये जाळी अडकलेली, लेस कपाळावर लोंबतेय, कच्चे टाके निघालेले, आणि नाकावरून पाण्याचे थेंब. दारात उभ्या राहून त्यांनी आमच्या चौघांकडे पाहिलं.

"हे. काय. आहे."

"मासा," धाकटा म्हणाला.

बाईंचा चेहरा लाल झाला. गळ्याच्या शिरा वर आल्या. आता माझं शिवणकाम, माझी साक्ष, माझं चर्चमधलं नाव, सगळं एका वाक्यात खलास होणार होतं. आणि ती बिचारी नवरी उघड्या डोक्याने वेदीपाशी उभी राहणार होती. हे मात्र मला खरोखर टोचलं. गुणी पोरगी होती. माप घेताना आनंदाने रडली होती.

"तुला काही लाज..." बाई सुरू झाल्या.

"आजी," थोरली पुढे झाली आणि हात जोडले, "आपण प्रार्थना करू या."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. फर्मान त्यांचंच होतं! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि डोळे मिटले.

थोरलीने एक डोळा किलकिला करून मला विचारलं. मी दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. लांबव! जन्मात पहिल्यांदा माझं आणि तिचं एका क्षणात जमलं.

मी झडप घातली. बाईंच्या केसांतून एकेक पीन काढत जाळी सोडवली. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं. ह्यांच्या हातात अजून ती गरम इस्त्री होती आणि डोळे मिटलेले. हातात इस्त्री आणि डोळे मिटलेले! मी कोपराने असं ढोसलं, की दोन्ही डोळे उघडले. इस्त्री मंद केली, नाहीतर जाळी वितळून चिकटली असती, आणि खाली सुती कापड घालून ह्यांना कामाला लावलं. मशीन चालवली तर खडखड ऐकू जाणार, म्हणून सुई घेतली आणि हातानेच सुटलेली लेस शिवायला बसले. आयुष्यात इतक्या रागात आणि इतक्या वेगाने मी कधी शिवलं नव्हतं.

थोरली मांजरीपासून सुरू करून मामाच्या दुसऱ्या गुडघ्यापर्यंत गेली. नवरा, नवरी, बँडवाले, केक. खोलीत दिसेल त्याच्यासाठी प्रार्थना केली, पंख्यासाठीसुद्धा. मग विषय संपले. मी हाताने खुणावतेय, चालू ठेव, चालू ठेव!

"आणि देवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला, "आई आता ओरडत नाही. सगळे म्हणतात, छान झालं. पण ती राग गिळते ना, तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होतो, आणि मग दिवसभर तसाच राहतो. आम्हाला भीती वाटते. आधी ती ओरडायची आणि लगेच संपायचं. मग जवळ घ्यायची. आता जवळ घेतच नाही, कारण संपतच नाही. तू तिला एकदा ओरडू दे ना. एकदाच."

माझी सुई थांबली. डोळे भरून आले, आणि राग तर इतका आला की विचारू नका. पाळकसाहेबांवर, ह्यांच्यावर, स्वतःवर, नक्की कोणावर हे ठरवायला वेळ नव्हता. अजून चार बोटं लेस राहिली होती. मी डोळे पुसले आणि शिवत राहिले.

मी दोरा तोडला, तेवढ्यात आवाज आला, "बाळ, आता आमेन म्हण. तुझ्या आईचे टाके झाले."

अध्यक्षबाई टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या.

"तुमचे डोळे... कधीपासून?"

"पहिली पीन काढलीस तेव्हापासून. टाळूत टोचलीस मला! डोळे मिटून उभी राहायला मी काय पुतळा आहे?"

त्यांनी व्हेल हातात घेतली, उजेडात धरली, लेस बोटांनी चाचपली.

"बारीक आलेत टाके. रागात चांगलं शिवतेस." व्हेल घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली, केस दोन हातांनी वर दाबले. "उद्याची साक्ष..."

"नाही देत मी," मी पटकन म्हणाले.

"का नाही? दे की. पण हिने सांगितलं ते सांग. मंडळीत मीही ऐकायला बसेन. मी चार मुलं वाढवलीत बाई, पहिल्या तिघांना माझा दगडच बघायला मिळाला." एवढं बोलून त्या जिना उतरून गेल्या. लेकीचं लग्न होतं, थांबणार कशा?

मी दार लावलं आणि वळले. तिघेही ओळीने उभे. थोरलीचे हात जोडायला निघाले होते, ते तिने मुद्दाम मागे घेतले. धाकट्याने बदक पोटाशी धरलं. हे डोळे मिटणार, एवढ्यात माझी नजर त्यांच्यावर गेली आणि त्यांनी ते परत उघडले.

मग मी ओरडले! जाळी म्हणजे जाळं का! गॅलरी म्हणजे समुद्र का! उजवीकडे म्हणे! अध्यक्षबाई म्हणजे मासा का! आणि तुम्ही, तुम्हाला घराचा नियम कळतो, पण शेजारून शेपटा गेलेला दिसत नाही! आठवडाभराचं गिळलेलं सगळं बाहेर आलं, चपलांपासून दुधापर्यंत. घसा बसला तेव्हा थांबले. मग खाली फरशीवर बसले आणि हात पसरले. दोघंही येऊन अंगावर कोसळली, ओली होती तशीच.

"संपलं?" धाकट्याने माझ्या मानेत तोंड खुपसून विचारलं.

"संपलं."

"बघ," हे त्यांच्या त्याच आवाजात म्हणाले, "उघडलं की नाही दार?"

दार? मी मान वर केली. गॅलरीचं दार सताड उघडं होतं, आणि खाली रस्त्यावर अध्यक्षबाईंसोबत लग्नाला निघालेली निम्मी मंडळी गाडीत बसायला थांबली होती.

खालून अध्यक्षबाईंचा आवाज आला, खणखणीत. "आमेन!"