गुडघ्याचा चटका

"पप्पा, उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन हाय आन ही मशीन साधी ठिणगीबी टाकंना!" श्रद्धाचे डोळे भरून आले.

बाहुबलीला ते बघवेना. जतमध्ये त्याचं कापडाचं दुकान, पण लेकीसाठी त्यानं हौसेनं यंत्र जमवलं होतं. खाली शिलाई मशीनची मोटर, मध्ये प्लास्टिकचा पाइप, त्यातून फिरणारा रबरी पट्टा आणि वर बायकोची, चंदनबालाची, तोंडाला तोंड लावलेली दोन स्टीलची पातेली. पट्टा घासून वीज तयार व्हायची आणि पातेल्यांवर साठायची. व्हायची म्हणजे पुस्तकात. इथं नुसती घरघर. त्यानं पट्टा ताणला, तारांचा ब्रश जवळ सरकवला, मोटर उलटी फिरवून पाहिली.

"आवं, तेल कुठं कुठं घातलंय तुमी?" चंदनबालानं विचारलं.

"सगळीकडं. पट्ट्यालाबी. लय कुरकुरत हुता."

"पप्पा! घासण्यासाठीच तर पट्टा हाय!"

पट्टा साबणानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू केली, तेवढ्यात शेजारच्या धोंडुबाई विरजण मागायला आल्या आणि टेकायला म्हणून त्यांनी पातेल्यावर हात ठेवला.

चटाक! धोंडुबाई उडाल्या त्या उंबऱ्यापलीकडे. बाहुबली धावला.

"मावशी, लागलं का वं?"

धोंडुबाई खाली बसल्या, उठल्या, परत बसल्या. "आगं बया! गुडघा मोकळा झाला की माझा!"

विरजण राहिलं बाजूला. बघता बघता गल्लीतले सगळे गुडघे दारात हजर झाले. मागून खांदे आले, कंबरा आल्या. एक म्हातारा तर दाढ घेऊन आला.

"आवं, हे औषध न्हाई, शाळेचा प्रयोग हाय," बाहुबली कळवळून म्हणाला.

"मग शाळा भरायच्या आत आमचं उरका," म्हाताऱ्यानं जबडा पुढं केला.

बाहुबली यंत्र उचलायला गेला, तर धोंडुबाईंनी त्यालाच रांगेत उभं केलं. एवढ्यात विज्ञानाचे वीरधवल सर तणतणत आले.

"श्रद्धा! तिकडं परीक्षक येऊन बसलेत आणि तुम्ही इथं दवाखाना मांडलाय?" मग आवाज उतरला. "मानेला चालतं का हे?"

एव्हाना माणसांच्या घामानं खोलीतली हवा दमट झाली होती, ठिणगी कधीच थांबली होती. रांगेचं मात्र काही बिघडलं नव्हतं. "आता कसं, सोसवंल असं लागतंय," म्हणत माणसं खुशीत बाहेर पडत होती. वैतागून श्रद्धानं मोटरची पिनच भिंतीतून उपसली.

सरांनी डोळे मिटून दोन्ही हात पातेल्यावर ठेवले. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली.

"वा! थांबा, परीक्षकांनाच इकडं बोलावतो. त्यांची कंबर धरलीय."

बाहुबलीनं लेकीच्या हातातली पिन पाहिली. "सर, मशीन तर ब..."

धोंडुबाईंनी त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप रं! सांगितलंस तर परत मान धरंल की त्यांची!"